लिफ्टचा पंप आणि वऱ्हाडचा न लिहिलेला इतिहास

१/ ट्रॅक्टरचा इतिहास आपण बहुधा आगमनाचा इतिहास म्हणून लिहितो. अमुक साली कारखाना निघाला, अमुक वर्षी तालुक्यात पहिला ट्रॅक्टर आला, मग गोठ्यातील बैल कमी झाले. आलेले यंत्र पुढची चाळीस-पन्नास वर्षे चालते कोणी ठेवले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आजच्या थ्रेडमध्ये तोच प्रश्न अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांपुरता विचारू. आधाराला एक लहानसा भाग घेऊ : जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक लिफ्टचा पंप.

२/ माझे मत आरंभीच सांगतो. वऱ्हाडातील शेतीच्या यांत्रिकीकरणाचा अर्धा इतिहास कारखान्यांत घडला आणि उरलेला अर्धा तालुक्याच्या गावांतील गॅरेजांत. पहिल्या अर्ध्याची कागदपत्रे आहेत. दुसऱ्या अर्ध्याची साक्ष काही वृद्ध मिस्त्रींच्या हातांत आणि स्मरणात आहे. ती आपल्या पिढीने नोंदवली नाही, तर पुढच्या पिढीला नोंदवण्यासारखे काही उरणार नाही.

३/ प्रथम 'लिफ्ट' म्हणजे काय ते पाहू. ट्रॅक्टरच्या मागे नांगर, पंजी किंवा वखर तीन ठिकाणी जोडलेला असतो : खाली दोन दांडे, वर मध्यभागी एक टॉप लिंक. चालकाने बसल्या जागेवरून दांडी ओढली की तेलाच्या दाबाने हे अवजार उचलले जाते, सोडली की जमिनीवर येते. हा दाब निर्माण करतो तो पंप. पंप गेला की ट्रॅक्टरचे इंजिन कितीही धडधाकट असो, शेतीच्या दृष्टीने तो निव्वळ गाडी ओढणारा उरतो.

४/ या रचनेचा उगम आयर्लंडमधील. हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) हे शेतकरी कुटुंबातील, पेशाने मेकॅनिक. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तेथील कृषी मंडळाने त्यांच्यावर ट्रॅक्टरांच्या वापराची देखरेख सोपवली. तेव्हाचे ट्रॅक्टर नांगराला बैलासारखे नुसते मागून ओढीत. नांगर दगडात किंवा मुळात अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो मागे उलटून चालकाचा जीव जाई.

५/ फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टर आणि नांगर यांना एकच यंत्र मानले. नांगरावरील जमिनीच्या विरोधानुसार त्याची खोली आपोआप कमीजास्त व्हावी, अशा रचनेचे पेटंट त्यांना १९२६ साली मिळाले. १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात या रचनेचा पहिला ट्रॅक्टर बाजारासाठी बनू लागला. १९३८ साली हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ मध्ये फोर्डचा '९एन' ट्रॅक्टर निघाला.

६/ हस्तांदोलनाच्या कराराचे पुढे जे होते तेच झाले. फोर्ड यांच्या वारसाने करार मोडला आणि १९४७ पासून '८एन' नावाचा ट्रॅक्टर त्याच रचनेवर विकायला सुरुवात केली. फर्ग्युसन यांनी दावा लावला. १९५२ साली तडजोड झाली ती ९२.५ लाख डॉलरवर. आपल्या विषयाला महत्त्वाची बाब अशी की, रकमेबरोबरच तडजोडीत पंपाची एक विशिष्ट रचना वापरणे थांबवण्याचे फोर्डने मान्य केले.

७/ ती रचना म्हणजे पंपाच्या शोषणाच्या बाजूला असलेला नियंत्रक व्हॉल्व्ह. अमेरिकेत वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्यात ज्या वस्तूवर वकिलांनी कीस काढला, तीच वस्तू पुढे अकोल्याच्या एखाद्या गॅरेजात डिझेलच्या घमेल्यात धुतली जात होती. जागतिक इतिहास आणि तालुक्याचा इतिहास यांतील अंतर आपण समजतो तितके मोठे नसते.

८/ आता पंपाच्या पोटात शिरू. फर्ग्युसन घराण्याच्या ट्रॅक्टरांत हा पंप गिअरपेटीच्या मागच्या भागात तेलात बुडालेला असतो आणि पी.टी.ओ.च्या शाफ्टवर चालतो. त्यात चार सिलिंडर. शाफ्टवरील विकेंद्री कॅम फिरले की पिस्टन मागेपुढे होतात. नियंत्रक व्हॉल्व्ह उघडला की तेल आत शिरते आणि पिस्टन ते वरच्या मोठ्या सिलिंडरात ढकलतात. तेथील पिस्टन आडवा शाफ्ट फिरवतो आणि लिफ्टचे दांडे वर येतात.

९/ अवजार हव्या त्या उंचीवर आले की व्हॉल्व्ह तेलाची वाट बंद करतो आणि पंप रिकामा फिरत राहतो. म्हणजे काम नसताना त्याच्यावर भार नाही. नांगरताना टॉप लिंक एका जाड स्प्रिंगला दाबत असते. जमीन कठीण लागली की दाब वाढतो, व्हॉल्व्ह किंचित उघडतो, नांगर थोडा वर येतो. जमीन मऊ लागली की नांगर पुन्हा खाली. हे सारे चालकाने हात न लावता, एकाही विजेच्या तारेविना घडते.

१०/ या क्रियेचा दुसरा लाभ म्हणजे नांगराचे वजन मागच्या चाकांवर येते. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही न घसरता ओढू शकतो. आणि नांगर अचानक अडकलाच, तर तेलाची वाट मोकळी होऊन चाकांवरचा भार उतरतो. चाके जागच्या जागी फिरतात, पण ट्रॅक्टर मागे उलटत नाही. पंपाचा आणि माणसाच्या जिवाचा संबंध असा थेट आहे.

११/ आता हे यंत्र वऱ्हाडात आणून पाहा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, मध्ये पूर्णेचे खोरे. जुन्या कागदांतले 'पयनघाट' ते हेच. बेसाल्टच्या झिजेतून झालेली ही काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसानंतर तीच जमीन चाकाला चिकटते. एकाच शेतात वरचा भाग वाळलेला आणि खालचा ओला, असे नेहमीच असते.

१२/ अशा जमिनीत नांगराची ओढ पावलापावलाला बदलते. आयर्लंडच्या ओलसर मातीसाठी कल्पिलेल्या पंपाला येथे क्षणाक्षणाला उघडझाप करावी लागते. त्यात धूळ. ट्रॅक्टरात गिअरसाठी आणि लिफ्टसाठी एकच तेल असले, तर गिअरच्या दातांची झीज आणि बाहेरून शिरलेली माती दोन्ही शेवटी पंपातच जाते. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याने ही माती पाहिलेली नव्हती. मिस्त्रीने पाहिलेली होती.

१३/ उष्णतेचेही तसेच. अकोल्याचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. झिजलेला पंप सकाळी थंड, घट्ट तेलावर नीट काम करतो. दुपारी तेल पातळ झाले की पिस्टन आणि सिलिंडर यांमधील फटीतून ते मागे निसटते आणि दाब तयार होत नाही. वऱ्हाडी बोलीत या विकाराचे निदान एका वाक्यात होते : 'गरम झाली का लिफ्ट दम टाकते.' तेलाच्या दाटपणाचा, तापमानाचा आणि गळतीचा संबंध या चार शब्दांत आहे. याला मी ज्ञान म्हणतो.

१४/ हे ट्रॅक्टर येथपर्यंत आले कसे, तेही थोडक्यात पाहू. स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या काळात केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी फोडण्याचे काम अमेरिकी सैन्याच्या उरलेल्या ट्रॅक्टरांनी सुरू केले. या कामाच्या यंत्रांसाठी १९४९ साली जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलर कर्ज दिले.

१५/ पुढचा टप्पा वऱ्हाडच्या सुपुत्राशी जोडलेला. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात मंत्री म्हणून शेतीचे काम पाहत होते. त्यांच्या प्रयत्नांतून दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. ११ डिसेंबर १९५९ रोजी त्याच्या उद्घाटनास अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. शेतीयंत्र म्हणजे प्रगती, ही प्रतिमा त्या दशकात घडली.

१६/ कारखानेही त्याच सुमारास निघाले. १९५९ मध्ये फरीदाबाद येथे आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. १९६० मध्ये मद्रासला 'टॅफे' स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात बनू लागले. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत कंपनी काढली, तिचा 'बी-२७५' पुढे सर्वत्र पोहोचला. १९७१ मध्ये पिंजोरला एच.एम.टी.ने चेक झेटरच्या आधारे '२५११' बनवायला घेतला. १९७४ मध्ये पंजाबात 'स्वराज' आला.

१७/ म्हणजे वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या दारी एकाच वेळी आयरिश, अमेरिकी, जर्मन, चेक आणि देशी अशा वेगवेगळ्या यंत्रपरंपरा उभ्या राहिल्या. कोणाचा पंप पिस्टनचा, कोणाचा दोन दातेरी चक्रांचा. कोणाचा पंप गिअरपेटीत बुडालेला, कोणाचा इंजिनाजवळ बाहेर लटकलेला. कंपनीचा माणूस फक्त आपल्या कंपनीचा पंप जाणत असे. तालुक्याच्या मिस्त्रीला सारेच जाणणे भाग होते.

१८/ ही माणसे कोठून आली? याचे उत्तर ट्रॅक्टरच्या आधी शोधावे लागते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. मागोमाग अकोला, अमरावती, खामगाव, अकोट येथे जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. बॉयलर, पट्टे, बेअरिंग, शाफ्ट यांच्याशी वऱ्हाडी हातांची ओळख तेथे झाली. फिटर हा शब्द येथे ट्रॅक्टरपेक्षा जुना आहे.

१९/ दुसरा झरा गावगाड्याचा. नांगर, वखर, डवरा, तिफण ही अवजारे सुतार घडवी आणि त्यांना लोखंड लोहार बसवी. मोबदला धान्यात मिळे. पुढे याच घरांतील काही मुले लेथ आणि वेल्डिंगकडे वळली. शहरांतील गॅरेजांत मुस्लिम कारागिरांची मोठी परंपरा उभी राहिली आणि तेथे 'उस्ताद' हे संबोधन आजही कानी पडते. शिक्षण पाना धुण्यापासून सुरू होते, पंप उघडण्याची परवानगी फार उशिरा मिळते.

२०/ सुताराच्या बलुत्याची एक छाया मिस्त्रीच्या हिशेबातही दिसते. पेरणीच्या तोंडावर पंप बसवून द्यायचा आणि पैसे कापूस विकल्यावर घ्यायचे, ही उधारी म्हणजे जुन्या नात्याचे नवे रूप. शेतीच्या कर्जाचा इतिहास लिहिताना आपण सावकार, बँका, सहकारी सोसायट्या पाहतो. गॅरेजच्या वहीत अडकलेले पैसे कोणत्याच आकडेवारीत येत नाहीत.

२१/ आता पंप 'बांधणे' म्हणजे काय, ते पाहू. चांगला मिस्त्री प्रथम पंपाला हात लावीत नाही. तो तेलाची पातळी आणि रंग पाहतो. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. मग तो अवजार उचलून पाहतो. मुळीच उचलत नसेल तर एक कारण. उचलते पण हळूहळू खाली बसते, तर दोष बहुधा वरच्या सिलिंडरात किंवा व्हॉल्व्हमध्ये. उचलताना हिसके देते, तर पंपाच्या एखाद्या कप्प्याचा व्हॉल्व्ह बसत नाही.

२२/ निदान पंपावर आले तरच पुढचे काम. तेल काढायचे. वरचे लिफ्टचे झाकण सिलिंडरासह उचलायचे. ते जड असते, दोन माणसे किंवा चेनब्लॉक लागतो. मागून पी.टी.ओ.चा शाफ्ट बाहेर ओढायचा. दोन्ही बाजूंनी पंपाला धरून ठेवणाऱ्या खुंट्या सोडवायच्या. मग पंप वर येतो. तो सुटा करताना प्रत्येक पिस्टन ज्या सिलिंडरातला त्याच क्रमाने कापडावर मांडायचा, कारण झिजलेली जोडी एकमेकांशी जुळलेली असते.

२३/ डिझेलने धुतल्यावर खरी परीक्षा. पिस्टनवर नख अडकेल असा ओरखडा आहे का? व्हॉल्व्ह आपल्या जागी गोल, अखंड रेघ उमटवतो का? नसल्यास बारीक पेस्ट लावून तो हाताने घासून बसवायचा. रिंगा, ओ-रिंग, गॅस्केट नव्या. नियंत्रक व्हॉल्व्ह तेल लावल्यावर आपल्या वजनाने अलगद सरकला पाहिजे. अडला तर वाईट आणि खुळखुळला तरी वाईट. या दोहोंमधील अंतर बोटांना कळते, शब्दांत सांगता येत नाही.

२४/ सुटे भाग येतात ते बहुतांशी लुधियाना आणि राजकोट येथील लहान कारखान्यांतून. मूळ कंपनीचा भाग मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी परवडेलच असे नाही. म्हणून मिस्त्रीला भाग पारखावाही लागतो. धातू नरम आहे का, माप शतांश मिलिमीटरने चुकले आहे का, हे तो पाहतो. फेटाळलेला भाग परत करतो. गुणवत्ता-नियंत्रण ही कारखान्याची मक्तेदारी नाही, हे येथे दिसते.

२५/ येथे एक आक्षेप येईल : हा जुन्या यंत्रांविषयीचा भाबडा जिव्हाळा नव्हे काय? जुने ट्रॅक्टर धूर करतात, डिझेल अधिक पितात, चालकाच्या रक्षणासाठी त्यांवर सांगाडा नसतो. हे सारे खरे आहे. शिवाय दुरुस्तीच्या नावाखाली घातक उद्योगही चालतात. दाब वाढावा म्हणून सुरक्षा-व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालणे हा त्यांतला एक. त्याने लिफ्ट चार दिवस जोर धरते आणि मग झाकण फुटते, किंवा त्याहून वाईट घडते.

२६/ उचललेल्या अवजाराखाली टेकू न देता काम करणारे हातही या इतिहासात आहेत. म्हणून मी सरसकट 'जुगाडा'ची आरती करणार नाही. उलट, जुगाड आणि दुरुस्ती यांत भेद करायला शिकावे, असेच माझे म्हणणे आहे. यंत्राचा नियम समजून त्याला पूर्वस्थितीत आणणे ही दुरुस्ती. नियम चुकवून वेळ मारून नेणे हा जुगाड. दोघांना एकाच कौतुकाच्या शब्दात गुंडाळणे हा चांगल्या मिस्त्रीचा अपमान होय.

२७/ दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा : नवा ट्रॅक्टर घेतलेला बरा नाही का? ज्याची जमीन मोठी, पाणी हमखास, त्याला बरा. पण वऱ्हाडची शेती मुख्यतः पावसावरची. पूर्णेच्या खोऱ्यात तर खारपाणपट्टा. भूगर्भातले पाणी असूनही पिकाला देता येत नाही. एक हंगाम बुडाला की हप्ता थकतो. अशा ठिकाणी बांधून घेतलेला जुना पंप म्हणजे न काढलेले कर्ज. त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही, तरीही ते कुटुंबाला सावरते.

२८/ तिसरा प्रश्न अधिक कठीण : कारखानाच बंद झाला तर? एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ साली घेतला. ते ट्रॅक्टर मात्र त्या दिवशी बंद पडले नाहीत. त्यानंतर त्या यंत्राचे जे काही तांत्रिक पालकत्व उरले, ते देशभरच्या मिस्त्रींकडे आले. कंपनीचा शेवट आणि यंत्राचा शेवट या दोन वेगळ्या तारखा आहेत. आपल्या पुस्तकांत बहुधा पहिलीच सापडते.

२९/ एक तुलना करतो. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी 'शकुंतला' वऱ्हाडी माणसाच्या जिव्हाळ्याची. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. त्यावर लेख आले, माहितीपट झाले, छायाचित्रे निघाली. ते योग्यच झाले. पण सत्तर वर्षे इंजिन चालले ते ज्यांच्या हातांमुळे, त्या फिटरांची नावे किती लेखांत आली? आणि जी सहानुभूती आगगाडीला मिळाली, तिचा अंशही ट्रॅक्टरला का मिळू नये?

३०/ याचे कारण इतिहासलेखनाच्या सवयीत आहे. १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे गॅझेटिअर सिद्ध केले तेव्हापासून आपण जमीन, महसूल, पीक आणि लोकसंख्या मोजत आलो. नंतरच्या मोजण्यांत नांगर, गाड्या, तेलाची इंजिने, ट्रॅक्टर हेही आले. परंतु मोजणीचा स्वभाव वस्तू मोजण्याचा. दहा ट्रॅक्टर या आकड्यातून त्यांतले किती चालू, किती बाभळीखाली उभे, आणि चालू असलेले कोणामुळे चालू, हे कळत नाही.

३१/ ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात हाच मुद्दा जगाच्या संदर्भात मांडला. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहू नये, वापराने लिहावा. आणि वापरात देखभाल-दुरुस्ती हा मोठा भाग असतो. महाराष्ट्रात आपण लक्ष्मणराव किर्लोस्करांचा १९०३ चा लोखंडी नांगर अभिमानाने सांगतो. तो गावोगावी ज्यांनी जुळवला, धार लावून पुन्हा चालता केला, त्या लोहारांचे प्रकरण अद्याप कोरे आहे.

३२/ हा केवळ भूतकाळाचा प्रश्न नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि ज्या क्षेत्रांपासून आरंभ करायचा त्यांत शेतीची अवजारे घेतली. त्याच वर्षाअखेर त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. नव्या ट्रॅक्टरांत लिफ्टचे नियंत्रण आता संवेदक आणि संगणकाकडे जात आहे. उद्या पंप उघडण्याआधी कंपनीची परवानगी लागणार असेल, तर ती लढाई आज समजून घ्यावी लागेल.

३३/ तशीच एक अफवा : दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर सक्तीने भंगारात जाणार. २०२३ साली केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने तिचे खंडन केले. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. अफवेने मात्र एक गोष्ट दाखवून दिली. जुने ते टाकाऊ, ही कल्पना इतकी रुजली आहे की लोकांना ती सहज खरी वाटली.

३४/ मग करायचे काय? माझ्या तीन सूचना. एक : संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाचा उपक्रम म्हणून प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन वयोवृद्ध मिस्त्रींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. प्रश्न आयुष्याचे असावेत तसेच पंपाचेही. काम चालू असतानाचे चित्रण झाले तर उत्तम, कारण बरेचसे ज्ञान बोलण्यात येत नाही.

३५/ दोन : अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, जे १९६९ पासून या प्रदेशाचे शेतीज्ञान सांभाळत आहे, जुन्या ट्रॅक्टरांच्या पंपांचा एक लहान संग्रह उभारावा. उभा छेद दिलेला एक पंप, शेजारी झिजलेले भाग, आणि झीज कशाने झाली याची मराठीत पाटी. काळ्या मातीने कोणता भाग प्रथम खाल्ला, हे पाहून विद्यार्थी जे शिकेल ते केवळ परदेशी आकृतीवरून शिकणार नाही.

३६/ तीन : शब्दकोश. गॅरेजात वऱ्हाडी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी यांच्या संगमातून एक स्वतंत्र कारागिरी भाषा तयार झाली आहे. तीत आवाजांना नावे आहेत, गळतीला नावे आहेत, झिजेच्या प्रतींना नावे आहेत. आपण 'द्रवचालित उद्वाहक' असले शब्द घडवतो आणि कोणी वापरीत नाही म्हणून हळहळतो. वापरातले शब्द आधी टिपून घ्यावेत. आय.टी.आय.च्या मुलांना तेच उपयोगी पडतील.

३७/ या कामाला घाई का, तेही सांगतो. साठ-सत्तरच्या दशकात आलेल्या ट्रॅक्टरांवर ज्यांनी तरुणपणी हात बसवला, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची मुले अनेकदा दुसऱ्या व्यवसायांत गेली, आणि त्याला दोष देता येणार नाही. या कामात मान कमी आणि पाठदुखी फार. कागद जपून ठेवता येतो, शंभर वर्षांनी वाचता येतो. हाताचे ज्ञान एका पिढीत शिकवले नाही, तर संपते.

३८/ इतिहास म्हणजे राजे आणि लढाया नव्हे, हे वाक्य आपण वर्गात अनेकदा ऐकतो. ते खरे करून दाखवायचे असेल, तर त्याची एक जागा मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, चांदूरबाजार यांसारख्या गावांच्या मुख्य रस्त्यावर आहे, जेथे मातीत तेल मुरून जमीन काळ्याची अधिक काळी झाली आहे. तेथे बसलेला मिस्त्री १९२६ च्या पेटंटाचा वाचक आहे. त्याने ते कागदावर पाहिलेले नसेल. पण हजार वेळा उघडून, समजून, पुन्हा जोडले आहे.

३९/ आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका, सुट्या भागांच्या पावत्या, गॅरेजच्या जुन्या वह्या किंवा छायाचित्रे असतील, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. घरात, गावात असा मिस्त्री असेल तर त्यांच्यापाशी तासभर बसावे आणि एकच प्रश्न विचारावा : पहिला पंप कोणता उघडला होता? पुढचे ते स्वतःच सांगतील. आपण लिहून घ्यावे.

पुढील थ्रेड : वऱ्हाडातील जिनिंगचे फिटर.